खलनायिकेचं बालपण

पूर्वी मालिकेतल्या दुष्ट बाईला दुष्ट म्हणायला कोणाची परवानगी लागत नसे. तिला ओळखणंही सोपं होतं. तिच्या साडीचा काठ नायिकेच्या काठापेक्षा रुंद, टिकली नायिकेच्या टिकलीपेक्षा नक्षीदार, आणि जिन्यात एकटीनंच उभं राहून आपला पुढचा बेत मोठ्यानं बोलून दाखवायची खोड. ती बोलायला लागली की आपण जेवता जेवता म्हणायचं, "काय बाई आहे!" आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडायचा. प्रेक्षकाचं काम एवढंच होतं आणि ते मला उत्तम जमत होतं.

आता रात्री साडेआठला टीव्हीवर एक सासू सुनेच्या दुधात काहीतरी कालवत असते आणि मी सवयीनं "नालायक!" म्हणतो, तर टीव्हीकडची तीन तोंडं एकदम माझ्याकडे वळतात. एक आईचं, एक हिचं आणि एक मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेल्या आमच्या मुलीचं.

"मुलाखत बघितलीत?" ही विचारते.

"कोणाची?"

"मग बोलू नका."

मुलाखत म्हणजे दुधात कालवणाऱ्या त्या बाईची. म्हणजे ती बाई जी साकारते त्या नटीची. मेकअप रूममधल्या आरशाभोवतीच्या दिव्यांच्या उजेडात, निम्मे केस कर्लरमध्ये गुंडाळलेले असताना तिनं सांगितलेलं असतं, की तिचं पात्र दुष्ट नाही, दुखावलेलं आहे. लहानपणी घरातलं सगळं प्रेम धाकट्या बहिणीला मिळालं, म्हणून आज ती सुनेच्या दुधात ते कालवते. हे बालपण मालिकेत एकदाही दाखवलेलं नाही. मालिकेच्या लेखकालाही त्याचा पत्ता नसावा. पण आमच्या घरात ते सातबाऱ्यावर चढल्यासारखं पक्कं झालं आहे. मालिकेचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर निम्मे वाचक तिची बाजू घेऊन मला पत्रं लिहितील.

नटानं पात्र समजावून सांगण्याची सोय आमच्या लहानपणी नव्हती असं नाही. १९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली तेव्हा भागाच्या शेवटी खुद्द अशोककुमार यायचे. आज कोण चुकलं, कोणी काय करायला हवं होतं, हे घरातल्या आजोबांच्या सुरात सांगायचे आणि निरोप घ्यायचे. दीडशेच्या वर भाग झाले, पण सगळ्या देशाला मिळून समजावणारा माणूस एकच. त्यांनी सांगितल्यावर लोक दिवे मालवून झोपायचे. त्यावर चर्चा करायची तर शेजाऱ्यांकडे जावं लागे, आणि टीव्ही शेजाऱ्यांचाच असल्यामुळे आपण आधीपासून तिथेच बसलेले असू.

मग १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' आलं. रविवारी सकाळी आंघोळी उरकून, चपला दाराबाहेर काढून माणसं टीव्हीपुढे बसायची. अरुण गोविलांना कोणी विचारलं नाही, की वनवासाला निघताना तुमच्या मनात काय चाललं होतं. ते सगळ्यांना आधीच माहीत होतं. उलट रामानं कसं वागावं हे लोकांनीच त्यांना सांगितलं. सिगारेट ओढताना एका चाहत्यानं पाहिलं, चारचौघांत फैलावर घेतलं आणि सिगारेट सुटली, हा किस्सा त्यांनी स्वतःच सांगितला आहे. रामबाण उपाय म्हणतात तो हाच.

रावणाचंही लोकांनी मनावर घेतलं नाही. १९९१ च्या निवडणुकीत दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून उभे राहिले, आणि सीता आणि रावण एकाच पक्षाच्या तिकिटावर एकाच लोकसभेत निवडून गेले. मतदारांनी दोन्ही पात्रांचा सर्व बाजूंनी विचार केला असावा. रामाला मात्र मेरठमधून लोकसभेत पोचायला २०२४ उजाडावं लागलं. वनवास म्हटला की वेळ हा लागायचाच.

आणि आपल्याकडे निळू फुले. माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, डॉ. लागूंच्या बरोबरीनं सामाजिक कृतज्ञता निधीसाठी वणवण केलेला. पण पडद्यावर त्यांनी नुसती मान तिरकी केली की थिएटरातल्या बायका पदर सावरत आणि तोंड भरून शिव्या देत. 'या सरपंचाचं लहानपण कसं गेलं हो?' असं त्यांना विचारायचं कोणाला सुचलं नाही. सरपंच वाईट होता, नट चांगला होता, तिकीट परवडत होतं. विषय संपला.

पुढे मालिका रोज यायला लागल्या तेव्हाही गाडी रुळावरच होती. 'चार दिवस सासूचे' २००१ ला सुरू झाली आणि सासूचे ते चार दिवस २०१३ पर्यंत पुरले. तीन हजारांवर भाग झाले. रोहिणी हट्टंगडींनी इतकी वर्षं सासू वठवली, पण आमच्या आईनं त्या सासूविषयीचं मत कधी कोणाला विचारून बनवलं नाही. तिला स्वतःचा अनुभव होता.

बिघडलं ते मोबाइलमुळे. मालिकांचं चित्रीकरण घोडबंदर रोडला, मढला नाहीतर गोरेगावच्या चित्रनगरीत चालतं. बारा बारा तासांची शिफ्ट असते आणि रोजच्या रोज भाग बाहेर पडावा लागतो. तेवढ्यातून नटमंडळी जेवायला म्हणून मेकअप रूममध्ये शिरतात, तर दाराशी माइक घेऊन मुलं उभीच. ती मुलं विचारतात, "तुमच्या पात्राविषयी काय सांगाल?" आता तोंडात घास असलेला माणूस काय सांगणार? सुचेल ते सांगतो. ते रात्री आमच्या घरात पोचतं आणि सकाळपर्यंत त्याचं शास्त्र होतं.

उत्तरं मला आता पाठ झाली आहेत. खलनायिका म्हणते, "ती तिच्या जागी बरोबर आहे." नायिका म्हणते, "ती सोसते, पण ती दुबळी नाही." नायक म्हणतो, "तो आई आणि बायको यांच्यामध्ये अडकला आहे." हे मात्र खरं असतं, कारण कॅमेऱ्यात तो कायम दोघींच्या मधेच उभा असतो. आजेसासू म्हणते, "आम्ही सेटवर एका कुटुंबासारखे राहतो, एकमेकींचे डबे खातो."

हे डब्याचं ऐकल्यापासून आमच्या आईचा हिशेब पार बदलला. सोमवारी सासूनं सुनेला भर पावसात घराबाहेर काढलं. मी म्हटलं, "बघ, काढलं की नाही?"

"वरवर रे ते," आई म्हणाली. "परवाच हिच्या डब्यातली भेंडी तिनं मागून खाल्ली. आणि काल दोघी रीलमध्ये नाचत होत्या. आतून प्रेम आहे."

आता सून पावसात भिजते आहे हे खरं धरायचं, की भेंडी खरी धरायची? आमच्या घरात भेंडी खरी धरतात.

या शास्त्राचा सगळ्यात कठीण पेपर म्हणजे 'आई कुठे काय करते'. २०१९ च्या डिसेंबरपासून २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत, जवळजवळ पाच वर्षं, आमच्याकडे अनिरुद्ध देशमुख या माणसावर रोज खटला चालला. अरुंधतीसारखी बायको असताना संजनाच्या मागे लागलेल्या या गृहस्थाला आईनं ज्या शिव्या घातल्या त्यातल्या काही मी प्रथमच ऐकल्या. पण अनिरुद्ध साकारणारे मिलिंद गवळी समाजमाध्यमांवर लांबलचक आणि मनापासून लिहितात. मुलगी ते आईला वाचून दाखवायची. मग आई साडेसातला अनिरुद्धच्या नावानं बोटं मोडायची आणि आठला गवळींची एखादी हळवी पोस्ट ऐकून डोळे टिपायची. "माणूस किती चांगला आहे," ती म्हणायची, "त्या मेल्याच्या नादानं त्याचं नाव खराब होतंय." त्या मेल्याला गवळींपासून दूर कसं ठेवावं, हा प्रश्न तिला शेवटपर्यंत सुटला नाही.

'माझ्या नवऱ्याची बायको'च्या वेळी तर समजून घेणाऱ्यांचे हालच झाले. आधी रसिका सुनील शनाया होती. तिच्याकडून शनाया समजून घेऊन जरा कुठे स्थिर होतोय, तोवर ईशा केसकर शनाया झाली. ती अंगवळणी पडते आहे तर रसिका सुनील परत आली. शनायाच्या मनात नेमकं काय आहे, असं कोणी विचारलं की आधी 'कोणत्या?' असं विचारावं लागे. त्यातच नागपूरच्या राधिकेचं ते ठसकेबाज वऱ्हाडी बोलणारी अनिता दाते मूळची नाशिकची, हे कळलं आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या नागपूरकर वहिनींना त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. "इतके दिवस माहेरची समजून बघत होते मी तिला," त्या म्हणाल्या.

आणि माझी मावशी. २०१८ साली 'तुला पाहते रे' सुरू झाली आणि विक्रांत सरंजामे या देखण्या, शांत, श्रीमंत गृहस्थावर मावशीचा जीव जडला. पुढे हा विक्रांतच इस्टेटीसाठी कट करणारा कपटी माणूस निघाला. मावशीचा त्यावर विश्वासच बसेना.

"अगं, दाखवलं ना काल," मी म्हटलं.

"दाखवू देत. ज्यानं बालगंधर्व केले, लोकमान्य केले, तो इस्टेटीसाठी असं करेल?"

सुबोध भावे यांचं आधीचं सगळं काम मावशीनं विक्रांतच्या वर्तणुकीच्या दाखल्याला जोडलं होतं. एवढी शिफारस असलेला खलनायक दुसरा झाला नसेल.

'रात्रीस खेळ चाले'चे अण्णा नाईक तर याही पुढचे. २०१६ च्या पहिल्या पर्वात गोष्ट सुरू होते तीच अण्णांच्या मरणानं. २०१९ ला दुसरं पर्व काळात मागे गेलं आणि माधव अभ्यंकरांनी अण्णा असे उभे केले, की या माणसानं केलेल्या एकेका गुन्ह्याला खरं तर वेगळा वकील लागावा. पण आमच्याकडे चर्चा काय? "शेवंतावर जीव मात्र खरा होता हो!" घरच्या बायकोचं काय, हे विचारण्याची सोय नव्हती. विचारलं तर आपल्याला कोकणी माणूस कळत नाही, असं ठरायचं.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण सध्याच्या दूधवाल्या सासूनं, म्हणजे तिच्या मुलाखतींनी, माझं घरातलं जगणं अवघड केलं आहे. आमच्याकडे आता जेवणाच्या टेबलावर तीन पक्ष आहेत. आईचा पक्ष म्हणतो, सासू चांगलीच आहे, तिला परिस्थितीनं तसं केलं. हिचा पक्ष म्हणतो, सासू वाईट आहे पण तिच्या वाईटपणाला कारण आहे. मुलगी दोघींना थांबवून म्हणते, "चांगलं-वाईट असं काही नसतं, लेयर्स असतात." चर्चा रंगली की पोळी तव्यावर काळी होते आणि कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजत नाही. करपलेली पोळी माझ्या ताटात पडते, कारण या तिन्ही पक्षांत मी नाही. ती बाई दुष्ट आहे असं मानणारा घरात मी एकटा आहे आणि एकट्याला मान्यताप्राप्त पक्ष म्हणत नाहीत.

एकदा मीही हे शास्त्र वापरून पाहिलं. संध्याकाळी दळण आणायला गेलो होतो आणि गिरणीपुढच्या कट्ट्यावर गप्पा रंगल्यामुळे दळणाशिवाय परत आलो. हिनं विचारलं, "दळण?"

मी खुर्चीत बसलो, मान किंचित खाली घातली आणि मुलाखतीच्या सुरात म्हणालो, "वरवर बघता हा माणूस विसरभोळा वाटेल. पण त्याच्या आत खूप काही चाललेलं असतं. लहानपणी त्याला नेहमी दळणालाच पाठवलं गेलं. त्याच्या व्यक्तिरेखेला लेयर्स आहेत."

"एकच आहे," ही म्हणाली, "आणि तो पोटावर आहे. गिरणी नऊला बंद होते. उठा."

मग कचेरीत प्रयत्न केला. आमच्या साहेबांनी माझी रजा नाकारली तेव्हा मी रागावलो नाही. साहेब दुष्ट नाहीत, दुखावलेले आहेत, असं मनाला बजावलं. त्यांचं बालपण डोळ्यांसमोर आणायचा यत्न केला. हाफ चड्डीतले साहेब, हातात पाटी, धाकट्या भावाला लाडू मिळतोय आणि साहेब बघताहेत. मला भरूनच आलं. मी इतक्या सहानुभूतीनं त्यांच्याकडे पाहत राहिलो, की त्यांनी विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?" मी "नाही" म्हणालो. "मग रजा कशाला हवी?" ते म्हणाले.

शेवटचा प्रयोग आत्याचा. आजी गेल्यावर वाटणीच्या वेळी तांब्याचं मोठं घंगाळ आत्यानं उचलून नेलं, तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव निघालं की आई भांडी जोरात घासते. एका रात्री मालिका संपल्यावर, सगळ्यांची मनं त्या सासूसाठी ओलसर झालेली बघून मी हळूच म्हणालो, "आत्याचंही कदाचित काही असेल. लहानपणी तिला कोणी…"

"तिचं लहानपण मला सांगू नकोस," आई म्हणाली. "मी त्या घरची सून आहे. लाडाकोडात वाढली आहे ती."

"पण प्रत्येक माणसाला…"

"बाबा," मुलगी शांतपणे म्हणाली, "आत्याआजीला लेयर्स नाहीत. ती तशीच आहे."

मी गप्प बसलो. आत्याला मेकअप रूम नाही, तिच्या दाराशी माइक घेऊन कोणी उभं राहत नाही आणि घंगाळ नेताना तिच्या मनात काय होतं हे तिला कोणी विचारलेलं नाही. उद्या तिनं अर्धे केस कर्लरमध्ये घालून मोबाइलवर दोन वाक्यं बोलायची ठरवलं, तर घंगाळ माफ व्हायला वेळ लागणार नाही. बंबाच्या पाण्यानं आंघोळ करणाऱ्या बाईला हे सुचावं कसं?

जानेवारीत आमच्या सोसायटीचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. महिला मंडळानं वर्गणी वाढवून प्रमुख पाहुणी म्हणून चक्क त्या सासूला बोलावलं. मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे सतरंज्या, खुर्च्या आणि माइक ही व्यवस्था माझ्याकडे होती. घोडबंदर रोडच्या कृपेनं बाई उशिरा आल्या. प्रत्यक्षात त्या अगदी लहानखुऱ्या, साधी सुती साडी, हसरा चेहरा. आल्या आल्या म्हणाल्या, "काका, जरा पाणी मिळेल?" त्या वयानं माझ्याहून फार लहान नव्हत्या, पण ते जाऊ दे.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजी सगळ्यांच्या आधी पुढे झाल्या. त्यांनी बाईंना हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "का गं बाई छळतेस त्या पोरीला? गोड बोल की जरा. आजचा भाग झाला असेल, तर निदान सोमवारपासून तरी बोल."

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू उठल्या. "ताई, बारशाच्या प्रसंगात तुम्ही नातवाच्या पाळण्याची दोरी एकदम सोडलीत. अंगावर काटा आला आमच्या. तेव्हा तुमच्या मनात नक्की काय होतं?"

"दोरी?" बाई आठवायला लागल्या. "हां! पाळणा करकरत होता ना. साउंडवाल्या दादांनी हात केला, दोरी सोडा म्हणून."

हॉलमध्ये कोणीतरी तिळगूळ चावल्याचा आवाज आला.

"नाही, पण आतून?" काकूंनी धीर सोडला नाही.

"आतून, खरं सांगू का? रात्रीचे साडेनऊ झाले होते. पॅकअप कधी होतंय एवढंच चाललं होतं."

पुढे त्या मोकळेपणानं बोलत गेल्या. सीन बऱ्याचदा सकाळी हातात पडतो, कधी मेकअप झाल्यावर पडतो. टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात, त्यावर चॅनेल आणि निर्माते बसतात, आणि पुढच्या आठवड्यात आपण आणखी वाईट होणार की सुधारणार हे त्यानंतर कळतं. मला राहवलं नाही. माइक देण्याच्या निमित्तानं पुढे जाऊन मी विचारलं, "आणि ते बालपण? धाकटी बहीण वगैरे?"

"ते होय!" त्या हसल्या. "एका मुलाखतीत विचारलं, तुमचं पात्र असं का वागतं? मालिकेत तर कारण काहीच नव्हतं. मग म्हटलं, बहीण असू दे."

इतक्या दिवसांचा उपवास सुटल्याचा आनंद मला झाला. मी विजयी मुद्रेनं हिच्याकडे पाहिलं. ही शेजारणीला कोपरानं ढोसत होती. "बघितलंस? पात्र अंगात किती मुरलंय! न ठरवता बहीण सुचते."

आणि मग ती स्वतःच उठली. "ताई, तुम्हाला आठवत नसेल, मी सांगते. पाळणा बघून तुम्हाला धाकट्या बहिणीचं बारसं आठवलं. त्या दिवशी घरात सगळे तिच्याभोवती आणि तुम्ही कोपऱ्यात एकट्या. त्या क्षणी दोरी हातातून निसटली."

बायकांनी माना डोलावल्या. आजींनी पदराला डोळे पुसले. बाई दोन क्षण बघतच राहिल्या. मग पर्समधून मोबाइल काढून म्हणाल्या, "अय्या, किती छान! परत एकदा सांगता? हळू सांगा, लिहून घेते."

त्यानंतर सगळ्यांनाच कंठ फुटला. सासू तुळशीला पाणी घालताना सुनेकडे का बघते, चावीचा जुडगा उजव्या कमरेला का खोचते, चहात साखर का घालत नाही, एकेका गोष्टीचं मूळ बायकांनी तिच्या बालपणातून खणून काढलं. बाई भराभर टिपत होत्या. वाणाची स्टीलची डबी आणि सोसायटीचं मानधन घेऊन त्या निघाल्या तेव्हा सगळ्यांत जड काय असेल तर तो मोबाइल.

थोड्याच दिवसांत नवी मुलाखत आली. तीच मेकअप रूम, तेच कर्लर. "पाळण्याच्या सीनला," बाई गंभीर होऊन म्हणत होत्या, "मला तिच्या धाकट्या बहिणीचं बारसं दिसलं. कोपऱ्यात एकटी उभी असलेली ती लहान मुलगी दिसली. आणि दोरी निसटली."

आमच्या घरात टाळ्या पडल्या.

"ऐका!" ही मला म्हणाली. "आता तरी पटलं ना? खुद्द ती सांगते आहे."

"अगं, पण हे तूच तिला…"

"मी अंदाज केला होता. तो बरोबर निघाला."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आपण दिलेली पावती आपल्यालाच परत आली आणि तिच्यावर समोरच्याची सही असली, की ती खरी मानायची असते. मुलीनं तर याच विषयावर कॉलेजात निबंध लिहिला. तिला चांगले गुण पडले. तिच्या बाईही ती मालिका बघतात.

मध्यंतरी एका गुरुवारी आकडे खाली आले असावेत, कारण मालिकेनं सात वर्षांची उडी मारली. मुलं मोठी झाली, मोठी माणसं होती तशीच राहिली, आणि सासूनं अचानक सुनेला आपली किडनी देऊन टाकली. मी थक्क झालो. घरात कोणीच झालं नाही. "हे तिच्यात पहिल्यापासून होतं," बाई मुलाखतीत म्हणाल्या. "पहिल्यापासून होतंच," आई म्हणाली. "भेंडीपासून," ही म्हणाली.

आणि आता परवा बाईंनी मालिका सोडली. त्यांना नाटक मिळालं आहे. सासूच्या जागी दुसरी नटी आली, तेच लुगड्याचे रुंद काठ, तीच टिकली. रात्री तिची पहिली मुलाखत आली. तिघी मोबाइलला टेकून बसल्या. मीही पाठीमागून मान लांब केली.

"जुने भाग मी मुद्दामच पाहिले नाहीत," नवी बाई प्रसन्नपणे म्हणाली. "माझ्या मते ही बाई सरळ सरळ लोभी आहे. तिला इस्टेट हवी आहे, बास. किडनीसुद्धा तिनं सुनेच्या नावावरच्या जागेवर डोळा ठेवूनच दिली."

आयुष्यात एवढं माझ्या मनातलं कोणी बोललं नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली, घसा खाकरला आणि म्हणालो, "बघा! खुद्द ती सांगते आहे."

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. हिनं मोबाइल पालथा ठेवला. मुलगी म्हणाली, "पात्राचा अभ्यासच नाही." आईनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि नव्या सुनेला पहिला स्वयंपाक शिकवताना काढावा तसा सूर काढून म्हणाली,

"नवीन आहे अजून. तिला काय कळणार? चैत्रातल्या हळदीकुंकवाला हिलाच बोलवा. कैरीची डाळ करू, पन्हं करू आणि नीट समजावून सांगू."

"मानधन?" मी विचारलं.

"ते मंडळ बघेल," ही म्हणाली. "तुम्ही फक्त या वेळी खुर्च्या जास्त मांडा. मागच्या विंगमधल्याही येणार आहेत समजवायला."